दार्सैतचे राष्ट्रपिता

चिपळूणला खोतवकिलांची वकिली चाललीच नाही. पक्षकार यायचे, चहा प्यायचे आणि दुसऱ्या वकिलाकडे जायचे. घर चालायचं ते बायकोच्या शिलाईमशीनवर. शेवटी काळा कोट बॅगेत घालून ते ओमानला आले आणि हमरियातल्या एका दुकानात लोकांचे अर्ज टाइप करू लागले.

"आधी वकिली बुडावी लागते, मग देश उभा राहतो," हे त्यांचं लाडकं वाक्य. देश उभारणाऱ्या वकिलांची चरित्रं त्यांना तोंडपाठ. त्यांच्या वाट्याला देश आला तो दार्सैतमधली आमची खोली: पाच माणसं, एक शेगडी, एक न्हाणी. पहिल्याच शुक्रवारी त्यांनी घटना वाचून दाखवली. गुरुवारी मासे नाहीत, न्हाणीत गाणं नाही. आमच्या घराण्यात कॉलेज पाहिलेला पहिला मी, म्हणून मला विरोधी पक्षनेता नेमलं. "शिकलेला माणूस विरोधातच शोभतो, माय लॉर्ड."

खोलीतला बबन सुतार मालवणचा. त्याची आई आजारी पडली. "माका जावक व्हया, वकीलसाहेब," एवढंच म्हणत तो बसून राहिला. पासपोर्ट अर्बाबकडे, म्हणजे व्हिसा देणाऱ्या मालकाकडे. वकीलसाहेबांनी भर उन्हात कोट चढवला. मी सोबत गेलो; वाटेत ते कायद्याचे मुद्दे घोकत होते. अर्बाबने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "ये वापस नहीं आया तो?"

इथली रीत अशी, की जाणाऱ्यासाठी दुसऱ्याने आपला पासपोर्ट ठेवायचा. वकीलसाहेबांनी स्वतःचा काढून टेबलावर ठेवला.

"अहो, मुलीचं लग्न आहे ना तुमच्या?" मी कुजबुजलो.

"तोवर येईल तो. इन्शाल्ला."

बबन आला नाही. आई अंथरुणाला खिळली होती. "हिका टाकून कसो येव?" म्हणाला फोनवर. अर्बाब म्हणाला, माणूस आणा, पासपोर्ट न्या.

"तक्रार करा," मी म्हणालो. "असा पासपोर्ट ठेवणं बेकायदा आहे. तुम्हीच लोकांना तसे अर्ज टाइप करून देता."

"मी शब्द दिलाय. विरोधी पक्षाने बसावं."

लग्नाची मंगलाष्टकं त्यांनी फोनवर ऐकली, ओट्याशी उभं राहून. 'सावधान' ऐकू आलं की चिमूटभर अक्षता थंड शेगडीवर टाकत. फोन संपला तेव्हा कोणीतरी बबनला शिवी घातली. वकीलसाहेबांनी त्याला हातानेच गप्प केलं आणि व्हॉट्सअ‍ॅपवरचा फोटो पुढे धरला. बबन आईला पेज भरवत होता.

दिवाळीच्या आधी ती गेली. मुलाच्या हातचं पाणी पिऊन गेली.