तरंगणारी वीट

आमच्या गोडादऱ्याच्या वस्तीत शेजारी साखर मागायला येतात. किसन गवंडी माझ्या पाण्याच्या पिंपात वीट टाकायला यायचा. तरंगली तर नाचायचा. बुडाली तर पिंपाकडे असा रागाने बघायचा, की चूक पिंपाचीच.

गडी चाळिशीचा, बुलडाण्याकडचा, एकटा. इच्छापोरला कारखान्यांच्या बांधकामावर जायचा. तिथे त्याने फेसाची वीट पाहिली. सिमेंटात फेस कालवायचा. आत भोकं राहतात, वीट हलकी होते आणि आगीची धग पलीकडे जात नाही. झालं, याचं डोकं फिरलं.

कारणही होतं. आमच्या खोल्यांमागे सुताचं गोदाम, मध्ये नुसता पत्रा. चौऱ्याण्णवच्या प्लेगात सगळी गल्ली गावी पळाली, तेव्हाही मी इथेच होते. गुडघे धरलेल्या बाईने पळायचं कुठे? पुढच्या उन्हाळ्यात गोदाम पेटलं. पत्रा लाल झाला. सगळे बाहेर धावले, किसनने मला खाटेसकट ओढत आणलं.

दुसऱ्या दिवसापासून फेस सुरू. आधी धुण्याची पावडर.

"फेस मरता कामा नये, मावशी!"

फेस मेला, वीट बुडाली. मग माझे रिठे गेले, ताकाची रवी गेली. पण यावेळी वीट तरंगली! गोदामाचे शेठ तिची भोकं बघून म्हणाले, "किसनभाई, आ ईंट छे के ढोकळां?"

"चटणी घेऊन या, शेठ!"

खरी परीक्षा माझ्या चुलीवर. वीतभर जाड वीट, खाली जाळ, वर माझंच तूप. तूप घट्ट राहिलं तर वीट पास. पहिली वीट फट्‌दिशी फुटली, तूप चुलीत.

"मुडद्या, ओली वीट जाळावर ठेवतोस? आणि भुसा न घालता आम्ही कधी भिंत लिंपली का? भेगाळणारच!"

तो माझ्या पाया पडला आणि पळाला. येताना कापडाच्या कारखान्यातून लूमखाली पडलेलं तुटकं सूत गोणीभर आणलं. ते बारीक कापून फेसासोबत कालवलं. नव्या विटा आधी ओल्या गोणपाटात, मग महिनाभर सावलीत.

थंडीत परीक्षा झाली. गल्ली जमली. तासभर जाळ घातला. किसनने तुपाला बोट लावलं.

"घट्ट!" तो ओरडला. मीही ओरडले, खोटं कशाला बोलू?

मग रोज कामावरून येऊन विटाच विटा. वाटलं, आता स्वतःची खोली बांधेल. त्याने माझी खाट सरकवली आणि माझ्या पत्र्याला लागून भिंत उचलली. विटा तेवढ्यातच संपल्या.

"आणि तुझी खोली रे?"

"मला पळता येतं, मावशी." थापी पुसत म्हणाला, "माझ्या मायला येत नव्हतं."

मी भाकर टाकली, वर तूप घातलं, ताट पुढे सरकवलं. सवयीने त्याने तुपाला बोट लावलं.

"वितळलं," म्हणाला, आणि मान खाली घालून जेवला.