करंडकाचा बारावा महिना

नागपुरात गुप्तहेर दोन. एक सरकारी, त्याचं नाव कोणालाच माहीत नाही. दुसरा मी, चंद्रभान गावंडे. माझं नाव सगळ्यांना माहीत आहे, कारण ते मीच सांगत फिरतो. नजर घारीची, कान सशाचे, स्मरणशक्ती हत्तीची. बाकीचं शरीर मात्र एकोणीस वर्षं स्टुलावर बसलेल्या कारकुनाचं आहे.

रेल्वे स्टेशनवर हरवलेल्या सामानाची एक खिडकी आहे. तिच्या आत मी बसतो. हे काम गुप्तहेराला साजेसं आहे असं लोकांना वाटतं. आहे, पण उलट्या बाजूने. माझ्याकडे वस्तू हरवलेली नसतेच, ती समोर फळीवर ठेवलेली असते. हरवलेला असतो तो तिचा मालक. तीनशे बारा छत्र्या, सतरा टिफिन आणि एक वरची कवळी यांचे मालक कोण, कसे दिसतात आणि त्या वेळी कोणत्या काळजीत होते, हे मी निव्वळ तर्काने ठरवलेलं आहे. त्यांपैकी एकही खिडकीवर आला नाही. त्यामुळे माझा एकही तर्क चुकल्याचं आजवर सिद्ध झालेलं नाही.

खिडकीबाहेरचा तर्क चुकल्याचं मात्र सिद्ध झालं, त्र्याहत्तर साली, कोजागिरीच्या दिवशी.

सकाळी स्वयंपाकघरात पाय ठेवायला जागा नव्हती. आमच्याकडे भाद्रपदातल्या पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत गल्लीतल्या मुली भुलाबाई मांडतात. टिपऱ्या वाजवून गाणी म्हणतात आणि शेवटी खाऊ ओळखतात. घरची बाई झाकलेला डबा हलवून दाखवते. आवाजावरून आतला जिन्नस सांगायचा. महिनाभर एकेक खाऊ असतो, शेवटच्या दिवशी मात्र तेहतीस. माझी बायको जयवंता तेहतीस जिन्नस भरून, वर फडकी बांधून ओळीने ठेवत होती.

"हे ओळखा बरं," असं म्हणून तिने फडक्यात बांधलेलं एक जड गाठोडं माझ्या हातात दिलं. "आता शिकलेल्या माणसाची परीक्षा."

मी ते कानाशी धरून हलवलं. आतून खडखड आवाज आला, तोही जरा घुमून.

"सुपारी," मी म्हणालो.

"मुलींना सुपारी देईन मी?"

"मग खडीसाखर."

"राहू द्या." तिने गाठोडं काढून घेतलं. "घरातले सगळे डबे संपले. जे हाताला लागलं त्यात भरलं. तुम्हाला आवाज नाही, निदान आकार तरी ओळखू यायला हवा होता."

एवढ्यात बाहेरून हाक आली. मी ओसरीवर गेलो, तर गोपाळराव उभे. रामदासपेठेतल्या आमच्या शारदोत्सव मंडळाचे ते चिटणीस. दसऱ्याच्या सुट्यांत मंडळ गाणी, कीर्तनं आणि नाटकांची स्पर्धा ठेवतं आणि कोजागिरीच्या संध्याकाळी सहाला बक्षिसं वाटतं. गोपाळरावांच्या मागे एक उंच, सडसडीत माणूस होता आणि त्याच्या मागे नऊवारीतली एक म्हातारी, कडेवर संत्र्यांची थैली घेऊन.

"गावंडे, करंडक नाही," गोपाळराव म्हणाले.

"चोरी?"

"ते मला काय माहीत? मागच्या वर्षी ज्यांनी जिंकला त्यांनी नवमीपर्यंत आणून द्यायचा असतो. आणून दिला नाही. आज सहा वाजता तो यांना द्यायचाय. हे रुपराव. गिरणीत मागावर असतात. यंदा पहिलं आलं ते नाटक यांचं."

रुपरावांनी हात जोडले. "अकरा वर्षं झाली जी नाटक आणून राहिलो. दरसाली उत्तेजनार्थ. घरी अकरा नारळ झाले. हे माझी माय, प्रयागबाई. काटोलहून पहाटच्या मोटारीनं आली, मले करंडक घेतानी पाहाले."

"नारळ तं मी पायलेच हाये," प्रयागबाई म्हणाल्या.

म्हणजे प्रकरण गंभीर होतं. मी आत येऊन कोट चढवला.

"कुठं निघालात?" जयवंताने विचारलं.

"ते सांगता येणार नाही." चालू तपासाबद्दल घरात अक्षर बोलायचं नाही, हा माझा पहिला नियम. एकोणीस वर्षांत तो एकदाही मोडलेला नाही. कोणी विचारलंच नाही, हेही खरं.

मागच्या वर्षी करंडक आमच्याच मंडळाच्या नाटकाने पटकावला होता. राजा, प्रधान, कट आणि शेवटी तलवारी असं ते नाटक मी इतक्या जवळून पाहिलं होतं, की सगळ्यांचे संवाद मला पाठ होते. करंडक एक आणि नट अकरा, त्यामुळे बक्षिसाच्या दिवशीच भांडण झालं होतं. मग तोड निघाली: हस्तपत्रिकेवर नावं ज्या क्रमाने छापली आहेत त्या क्रमाने करंडक प्रत्येकाच्या घरी एकेक महिना राहील. फिरता करंडक इतका मनापासून फिरवणारं दुसरं मंडळ महाराष्ट्रात नसेल.

हस्तपत्रिका माझ्या खिशात होती. रुपरावांनी सायकल हातात धरली, मायला मागच्या कॅरियरवर बसवलं आणि आम्ही निघालो.

राजाचं काम केलेला गिरिधर जवळच राहत होता. दाढी करता करता बाहेर आला.

"करंडक? माझ्याकडे पहिला महिना होता. मी त्यात साबण ठेवला."

"राजाने?"

"महाराज, राजालाही आंघोळ करावी लागते. नंतर प्रधानाला दिला. त्याच्या बायकोने तो झाकणासकट धुऊन त्यात मनीप्लांट लावला, असं ऐकलं."

मी त्याचा अर्धा फेस लावलेला चेहरा निरखला. अर्धा भाग लपवणारा माणूस नेहमी काही तरी लपवत असतो. बाहेर पडल्यावर मी रुपरावांना माझा पहिला निष्कर्ष सांगितला: गिरिधरने करंडक वितळवून टाकला आहे.

"कायचा वितळवते?" प्रयागबाई म्हणाल्या. "त्याच्यानंतर दहा जनाईच्या घरी गेला ना तो?"

निष्कर्ष मी तात्पुरता मागे घेतला.

राणी झालेल्या कांताबाईंच्या घरी आम्हाला चहा मिळाला. त्यांचा क्रमांक सातवा होता. "माझ्याकडे होता तेव्हा मी त्यात मूग भिजवायची," त्या म्हणाल्या. "मोड फार छान येत. घट्ट झाकण, दोन्हीकडे धरायला कान. द्यायला जिवावर आलं होतं."

"जिवावर आलं होतं," मी वहीत लिहून घेतलं आणि त्याखाली दोन रेघा मारल्या. कांताबाईंनी करंडक दिलाच नसावा, असा दुसरा निष्कर्ष मी त्यांच्यासमोरच मांडला. त्यावर त्यांनी चहाची बशी माझ्या हातातून काढून घेतली. प्रयागबाईंनी त्यांना थैलीतली दोन संत्री दिली आणि म्हणाल्या, "मनावर नका घेऊ वं बाई. सकाळपासून असाच करून राहिला तो."

राहिला अकरावा: मधुसूदन. नाटकात तो दुसरा शिपाई होता. पहिल्या शिपायाला 'कोण आहे तिकडे' असं एक वाक्य होतं. दुसऱ्याला तेही नव्हतं. त्याच्या दाराला कुलूप होतं. शेजारणीने कुंपणावरून सांगितलं, "सुट्या आहेत ना, परवाच अमरावतीला सासुरवाडीला गेले. मोठी बॅग घेऊन."

मोठी बॅग. मी हसलो. तर्काची साखळी पूर्ण झाली की मी हसतो. दुसऱ्या वेळी हसण्याचे प्रसंग फारसे येत नाहीत.

"ऐका, रुपराव. दोन अंक माणूस भाला धरून उभा राहतो. तोंड उघडायला मिळत नाही. टाळ्या राजाला. अशा माणसाच्या मनात काय साचत असेल? करंडक आता अमरावतीला आहे."

रुपरावांनी सायकलची घंटी उगाच एकदा वाजवली. "म्हणजे आज भेटत नाही."

"कठीण आहे."

"मायले काय सांगू?"

माय कॅरियरवर बसून संत्रं सोलत होती. अजून हिरवं होतं, आंबटही असावं, पण चेहरा बदलला नाही. "चंद्रभानजी," त्या म्हणाल्या, "कोजागिरी ते कोजागिरी महिने किती?"

"बारा."

"अन मानसं?"

"अकरा."

"मंग बारावा कोन?"

"बारावा कोणी नाही. हस्तपत्रिकेवर अकराच नावं आहेत," मी पत्रिका दाखवली. पुराव्याशी वाद घालता येत नाही. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, संत्र्याची एक फोड मला दिली आणि विषय सोडला.

शेजारणीकडून पत्ता घेऊन, पोस्टात जाऊन मी गोपाळरावांच्या नावाने अमरावतीला तार केली: करंडक घेऊन ताबडतोब परत या, सर्व उघड झाले आहे. मग गोपाळरावांना जाऊन गुन्हेगाराचं नाव सांगितलं. त्यांनी कपाळाला हात लावला. "शोभतं का हे त्या माणसाला? बरं, आता रुपरावांना प्रमाणपत्र देतो. आणि नारळ."

"बारावा," रुपराव हळूच म्हणाले.

ते ऐकून मला बरं वाटलं नाही. तिघांनाही भूक लागली होती, म्हणून मी त्यांना घरी घेऊन आलो. साडेचार वाजले होते. ओसरीवर मुलींची गाणी संपली होती आणि खाऊ ओळखण्याचा गोंधळ चालू होता. बत्तीस जिन्नस ओळखून झाले होते. तेहतिसाव्यापाशी मुली अडल्या होत्या. जयवंता ते सकाळचं गाठोडं हलवत होती.

"सुपारी म्हणू नका," ती मला म्हणाली. मग प्रयागबाईंकडे वळली. "या ना आजी. तुम्ही ओळखा. तुमच्याकडे बसवतात ना भुलाबाई?"

"साठ वर्स झाले," प्रयागबाई म्हणाल्या आणि मांडी घालून बसल्या. गाठोडं मांडीवर घेतलं. एकदाच हलवलं. डोळे मिटले.

"शेंगदान्याचे लाडू. गुळाचे. पाक जरा कडक झाला, म्हनून खडखड वाजते."

मुली हिरमुसल्या. जयवंता कौतुकाने बघत राहिली. प्रयागबाई मात्र गाठोडं खाली ठेवेनात. फडक्यावरून दोन्ही बाजूंनी हात फिरवला, खाली चाचपलं, वर चाचपलं.

"पाक काहून कडक झाला ते तुले माहीत, पोरी. पन हा डबा नाही. याले कान हायेत. खाली बूड निमुळतं. झाकनावर बोंड हाये." त्या माझ्याकडे वळल्या. "चंद्रभानजी, मूग भिजवाचं भांडं हेच का गा?"

मी फडकं सोडलं. आत करंडक होता. 'शारदोत्सव मंडळ, नाट्यस्पर्धा, प्रथम' असं लिहिलेल्या अक्षरांवर गूळ लागला होता.

"हा इथे कसा?" मी विचारलं.

"कसा म्हणजे?" जयवंता म्हणाली. "महिन्याखाली मधुसूदनभाऊ देऊन गेले. म्हणाले, नटांचे महिने संपले, आता प्रॉम्प्टरचा. मी तुम्हाला सांगितलंही. तुम्ही वर्तमानपत्रातून 'हं' म्हणालात."

प्रॉम्प्टर मी होतो. दोन अंक विंगेत उभा राहून सगळ्यांचे संवाद मीच सगळ्यांच्या आधी म्हटले होते. हस्तपत्रिकेवर प्रॉम्प्टरचं नाव छापत नाहीत. त्याला कोणी मोजत नाही, ही माझी जुनी तक्रार. त्या दिवशी पहिल्यांदा लक्षात आलं, की मोजणाऱ्यांत मीही नव्हतो.

"पण तू सकाळी बोलली का नाहीस? आम्ही दिवसभर हाच शोधतोय."

"कुठं निघालात हे विचारलं मी. तुम्ही म्हणालात, सांगता येणार नाही."

पहिल्या नियमाचा फायदा असा झाला.

रुपराव ओसरीच्या पायरीवर बसले होते. त्यांनी करंडक दोन्ही हातांत घेतला, धोतराच्या सोग्याने गूळ पुसला आणि पुन्हा पुन्हा तीच अक्षरं पुसत राहिले. ती केव्हाच स्वच्छ झाली होती.

"पाच वाजले गा," माय म्हणाली. "चाल. नाही तं पुन्हा नारळ देतीन."

लाडू काढायला वेळ नव्हता. सहा वाजता व्यासपीठावर पाहुण्यांनी, एका निवृत्त हेडमास्तरांनी, करंडक उचलला, तेव्हा तो खडखडला. त्यांनी थांबून झाकण उघडलं, आत पाहिलं आणि हेडमास्तरांच्या सवयीने काहीही न दाखवता बंद केलं. पुढच्या रांगेतल्या आमच्या गल्लीतल्या मुलींनी एका सुरात उत्तर सांगितलं. मंडप हसला. रुपराव हसले नाहीत. त्यांनी करंडक घेतला, आणि टाळ्या संपेपर्यंत वर धरून ठेवला. नारळही मिळाला, तो त्यांनी गोपाळरावांना परत दिला.

साडेसातला मधुसूदन पोचला. धुळीने भरलेला, हातात तीच मोठी बॅग. सासुरवाडीच्या जेवणावरून तार वाचून उठला होता. त्या नाटकात त्याला एकही वाक्य नव्हतं. त्या संध्याकाळी त्याने सगळी कसर भरून काढली. मी माफी मागितली. त्यानंतर तो आणखी दहा मिनिटं बोलला. गोपाळरावांनी तिथल्या तिथे मंडळाची बैठक घेऊन नवा नियम केला: करंडक गुप्तहेराच्या घरी ठेवू नये. ठराव एकमताने मंजूर झाला. मीही हात वर केला.

दूध आटायची वाट बघत प्रयागबाई माझ्या शेजारी सतरंजीवर बसल्या होत्या. करंडक त्यांच्या मांडीवर होता. पहिला महिना काटोलला जाणार, हे रुपरावांच्या मंडळींनी भांडण न करता ठरवलं होतं.

"तुमी काम काय करता, म्हनलं?" त्यांनी विचारलं.

"स्टेशनवर. हरवलेल्या सामानाच्या खिडकीवर."

"अस्सं." त्यांनी झाकण उघडून एक लाडू माझ्या हातावर ठेवला. "अन सामान घ्याले कोनी येते का तिथं?"

"नाही," मी म्हणालो. "अजून तरी नाही."

"मले वाटलंच," त्या म्हणाल्या, आणि झाकण लावलं.