घड्याळाखालची चिठ्ठी

महादेवराव ठवकर आठ दिवसांपासून भीत होते, आणि आपण भीत नाही हे दाखवण्यातच त्यांचा सगळा जोर खर्च होत होता. मंगळवारी अकरा वाजता धंतोलीतल्या डॉक्टर गावंडेबाई त्यांचा पार्किन्सन किती वाढला ते मोजणार होत्या. दर सहा महिन्यांनी मोजत. बोटं आपटा, मूठ उघडा-मिटा, खुर्चीतून उठा, चालून दाखवा. प्रत्येकाला शून्य ते चार गुण, आणि जितके गुण जास्त तितका माणूस वाईट. मौद्याच्या शाळेतून मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झालेल्या माणसाला ही गुणपद्धत मुळातच सहन होत नव्हती.

त्यात मुलानं, पियुषनं, बजावून ठेवलं होतं, "बाबा, या टाइमले आकडा वाढला तर स्कूटरची किल्ली माह्या खिशात. मंग बोलाचं नाई."

"आज किल्ली जाईन," महादेवराव बायकोला म्हणाले, "उद्या गॅसजवळ जाऊ नोका, परवा बाथरूमची कडी लावू नोका. माह्या दोस्ताचं, वामनरावचं असंच झालं. त्याच्या घरी कडीच काढून टाकली वं!"

देवकीबाई मेथी निवडत होत्या.

मग महादेवरावांनी तेच केलं जे ते जन्मभर पोरांना सांगत आले होते. अभ्यासाला बसले. सकाळी शंभर वेळा बोटं आपटायची, संध्याकाळी शंभर वेळा मूठ. या आजारात अक्षर बारीक होत जातं, म्हणून पाटीवर एकच वाक्य फळ्यावर लिहितात तसं मोठ्ठं लिहायचं. डॉक्टरीणबाई मागून खांदे धरून एकदम ओढतात आणि माणूस तोल सावरतो का ते पाहतात, त्याचाही सराव हवा होता.

"ओढ वं, जोरात ओढ."

"अन् पडले तं?"

"पलंगापुढं उभा राहिलो ना. ओढ!"

देवकीबाईंनी ओढलं. दोघंही पलंगावर पडले आणि पलंगाची एक फळी गेली. दुसऱ्या दिवसापासून महादेवराव ओढायच्या आधीच पुढे झुकून राहू लागले.

पण खरी धास्ती निराळीच होती. बाई सुरुवातीला पाच शब्द सांगतात आणि शेवटी विचारतात. एरवी महादेवरावांना सत्तर सालच्या हजेरीपटातली नावं पाठ होती, पण भीतीनं डोकं कोरं पडलं तर? इथे वामनराव धावून आले. त्यांनाही हाच आजार, आणि याच बाईंकडे त्यांची तपासणी आठवड्यापूर्वीच झाली होती.

"कंदील, मंदिर, लिंबू, निळा, नाक," वामनराव कानाशी येऊन म्हणाले. "तिथं मले दोनच आठवले गा. घरी आलो अन् पाचही आठवले."

पेपर फुटला होता. ज्या माणसानं हयातभर पोरांच्या बाह्या झटकून चिठ्ठ्या काढल्या, त्यानं सोमवारी दुपारी दार लावून चिठ्ठी लिहिली. पोरं तळहातावर लिहितात आणि पकडली जातात, हे त्यांना ठाऊक होतं. त्यांनी ती घड्याळाच्या पट्ट्याखाली सरकवली.

मंगळवारी ते मुद्दाम स्कूटरवरच निघाले. पियुष ऑफिसातून परस्पर येणार होता, त्याला दिसायला हवं होतं. मानेवाड्यातल्या घरापासून धंतोलीपर्यंत देवकीबाई मागे डोळे मिटून गजानन महाराजांचं नाव घेत होत्या. अलीकडे हिची भक्ती फार वाढली, असं महादेवरावांना समाधानानं वाटलं.

"काका, पाच शब्द सांगते, लक्षात ठेवा," गावंडेबाई म्हणाल्या. "पणती, शाळा, पेरू, हिरवा, कान."

शब्द निराळेच निघाले. शेजारच्या बाकावरून कॉपी नको म्हणून त्यांनी स्वतःच शाळेत प्रश्नपत्रिकेचे दोन-दोन संच काढायची प्रथा पाडली होती. घड्याळाखालची चिठ्ठी आता नुसतीच टोचत होती.

तरी बाकीचा पेपर जोरात गेला. बोटं टकाटका आपटली. वाक्य टपोरं आलं. खुर्चीतून ते असे उठले की बाई दचकल्या. मग त्या मागे जाऊन उभ्या राहिल्या.

"काका, मी अजून ओढलं नाहीये. सरळ उभे राहा."

पियुष कोपऱ्यात हसू दाबत होता. आकडा वाढत नव्हता. महादेवरावांना धीर येऊ लागला.

"आता बसा, मनगट किती ताठर आहे ते बघू. घड्याळ काढा."

"घड्याळ?"

"हो, काढा."

"ते... निघत नाई ना. पट्टा जाम झाला हाय."

"काहून, काल रात्री तं निघालं होतं," देवकीबाई म्हणाल्या, आणि पुढे होऊन त्यांनीच बक्कल सोडलं. चिठ्ठी टपकन बाईंच्या पायाशी पडली.

बाईंनी ती उचलून उलगडली. डोळ्यांजवळ नेली. खिडकीशी नेली. 'कंदील' चांगला बोराएवढा होता, 'मंदिर' त्याहून लहान, आणि 'नाक' तर मुंगीचं असावं इतकं बारीक.

"हे कोणी लिहिलं?"

बायकोनं लिहिलं म्हटलं असतं तर सुटका होती. महादेवरावांनी पियुषकडे पाहिलं, चिठ्ठीकडे पाहिलं. शाळेत ते म्हणायचे, ज्याची असेल त्यानं उभं राहावं. ते उभे राहिले. या वेळी खुर्चीचा हात धरून, सावकाश.

"माही हाय. मले भेव वाटलं."

"काका, मी पास-नापास करत नाही, औषध ठरवते. तुम्ही सगळं घोकून आलात. तुम्ही खरे कसे आहात ते या एका कागदावरच दिसलं. गोळी वाढवावी लागेल." त्या थोड्या थांबल्या. "आणि स्कूटर बंद."

पियुषनं निमूटपणे हात पुढे केला. महादेवरावांनी थरथरत्या हातानं खिशातून किल्ली काढली. ती मधल्या मध्ये देवकीबाईंनी घेतली.

"हे माह्या पर्समधी राहीन. दोन महिने झाले, शेजारच्या रोशनीसंगं ग्राउंडवर शिकून राहिली मी. लायसन भेटलं मांगच्या हप्त्यात. सहा महिने डोळे मिटून तुमच्या मागं बसली, आता नाई होत." मग नवऱ्याकडे वळून हळूच म्हणाल्या, "अन् कडी तुमची तुमीच लावाची. कोणी काढनार नाई."

महादेवरावांना एकदम भरून आलं.

दहा मिनिटांनी देवकीबाईंनी स्कूटर दोन झटके देत रस्त्यावर घातली आणि समोरून येणाऱ्या बसकडे पाहत विचारलं, "अहो, हार्न कोनत्या हाताले हाय?"

मागे महादेवरावांनी सीटची कडी इतकी गच्च आवळली की सहा महिन्यांत पहिल्यांदाच हात थरथरायचा थांबला. त्यांनी डोळे मिटले आणि गजानन महाराजांचं नाव घ्यायला सुरुवात केली.