सूर्यासाठी सपाट जागा

"या घरात एक जागा सपाट नाही!" हरिहर करंबेळकरांनी जाहीर केलं आणि डायनिंग टेबलावरचे काचेचे तुकडे वर्तमानपत्रात गुंडाळले. सराव म्हणून साधी काच सरळ रेघेत कापायला घेतली होती. काच मोडली ती कोकणच्या किनाऱ्यासारखी.

शुभदाताई पोळ्या लाटता लाटता म्हणाल्या, "नऊ वर्षं त्याच टेबलावर जेवताय. तेव्हा बरं सपाट लागतं!"

"जेवण वेगळं, काच वेगळी. खाली एवढासा उंचवटा असला तरी ती भलतीकडे पळते."

हरिहरराव म्हणजे पस्तीस वर्षं कारखान्यात ड्राफ्ट्समन. भेंडी चिरायला बसले तरी सगळे तुकडे एका मापाचे. असा माणूस एकोणनव्वद साली रिटायर झाला, तर त्याने स्वस्थ बसून पेपर वाचावा की नाही? छे! यांनी रंगीत काचांची खिडकी करायला घेतली. अर्थात त्याला कारण होतं. लग्न झालं तेव्हा दोघं ठाण्याला एका खोलीत राहायची, आणि तिथल्या एकुलत्या एका खिडकीसमोर हातभर अंतरावर भिंत. "खिडकीतून काहीतरी दिसायला हवं हो," एवढंच शुभदाताई म्हणाल्या होत्या. नवा नवरा तो, बोलून गेला, "सूर्य आणून देतो तुला!" पुढे डोंबिवलीला स्वतःचा ब्लॉक झाला. तिथे स्वयंपाकघराच्या खिडकीतून काय दिसायचं? शेजारच्या इमारतीचे सांडपाण्याचे पाइप. शुभदाताईंनी त्याबद्दल चकार शब्द काढला नाही. हरिहररावांना मात्र ते पाइप रोज टोचायचे.

त्या पाइपांच्या आणि पाण्याच्या टाकीच्या मधल्या फटीतून थंडीत संध्याकाळी अर्धा तास ऊन आत यायचं. संक्रांत उलटली की सूर्य सरकायचा आणि तेही बंद. म्हणून ठरलं की खिडकीत खाडी करायची, खाडीवर मावळता लाल सूर्य, आणि संक्रांतीच्या हळदीकुंकवाला उद्घाटन. शुभदाताईंनी तर अख्ख्या इमारतीतल्या बायकांना बोलावूनही टाकलं. "आमच्याकडे सूर्य बघायला या," म्हणाल्या. असं आमंत्रण त्यांनी जन्मात कुणाला दिलं नव्हतं.

निळी, हिरवी, पिवळी काच बाजारात मिळाली. लाल मात्र एकच तुकडा, तोही ठाण्याच्या कोपरीत, आवडाबाई नाखवांच्या दुकानात. आवडाबाई कोळीण. नवरा होडीवर जायचा, आणि बाईंनी डोक्यावरची मासळीची पाटी उतरवून तसबिरींना फ्रेमा करायचं दुकान थाटलं होतं. कुठलासा जुना बंगला पाडला तेव्हाची ती काच, दीड वीत लांब, दीड वीत रुंद. आवडाबाईंनी ती उन्हात धरली आणि हरिहररावांच्या पांढऱ्या शर्टावर जो लाल उजेड पडला, तो बघून या माणसाने भाव न विचारताच पाकीट काढलं.

"हिच्यान सोनं घालतात म्हनं," आवडाबाई म्हणाल्या. "आता कोन बनवीत नाय. मोडली तं गेली. दुसरी मागाया येव नका."

म्हणजे सूर्य एक आणि संधीही एकच. कापायला जागा बिनचूक हवी. दिवाणावर साधी काच कापून बघितली, तर प्लायवूड लवलं. पाटावर बघितली, तर तीन पिढ्या करंबेळकरांनी बसून बसून पाटाला खळगा पाडलेला. ओट्याकडे हरिहररावांची नुसती नजर गेली आणि शुभदाताईंनी लाटणं उगारलं. "माझ्या ओट्यावर काच? कण पोळीत गेला म्हणजे?"

शेवटी हरिहरराव शेजारच्या बांधकामावरून गवंड्याची पाणसळ मागून घेऊन आले. पाणसळ म्हणजे तीच, जिच्या नळीतला बुडबुडा मधोमध थांबला की जागा समपातळीत आहे असं समजायचं. टेबलावर ठेवली, बुडबुडा पूर्वेला पळाला. दिवाणावर, पूर्वेला. ओट्यावर, जमिनीवर, फ्रिजच्या डोक्यावर, सगळीकडे पूर्वेला! पाणसळ उलटी फिरवून बघितली. बुडबुडा आपला पुन्हा पूर्वेला.

हरिहररावांनी पाणसळ काखेत मारली. ते वरच्या मजल्यावर मीराबाई ओकांकडे गेले. तिथेही तेच. मीराबाईंनी तो बुडबुडा डोळे विस्फारून बघितला आणि गालावर हात मारला. "अगंबाई! म्हणून आमचं दूध दरवेळी एकाच बाजूने उतू जातं!"

झालं. तासाभरात बातमी जिन्याने खालीवर चार वेळा फिरली. कुणाचं कपाट आपोआप उघडायचं, त्या बाईने भूत समजून सहा वर्षं कपाटाला उदबत्ती ओवाळली होती. कुणाचे लाडू ताटातून घरंगळायचे, त्याबद्दल सून वळायला चुकते असं सासू सांगत आलेली. आता सगळा उलगडा झाला. इमारत कलली होती! नऊ वर्षं चोवीस कुटुंबं उतारावर झोपत होती आणि एकाला पत्ता नाही. लोक हरिहररावांकडे असे बघायला लागले, की जणू त्यांनी नवा ग्रहच शोधून काढला.

सोसायटीचे सेक्रेटरी अण्णा रिसबूड. शुद्धलेखनाचे आणि उपविधींचे कट्टर. त्यांनी फलकावर नोटीस लावली: 'विशेष सर्वसाधारण सभा. विषय: इमारतीचे कलणे. विचारविनिमय करणे व आभार मानणे.' बिल्डरने आपला माणूस पाठवला. त्याने बुडबुडा बघितला, पान थुंकला आणि म्हणाला, "काका, टेन्शन नको. अख्खी डोंबिवलीच जराशी खाडीकडे झुकलेली आहे." यावर उपसमिती नेमली गेली आणि अध्यक्ष कोण? अर्थातच हरिहरराव. सकाळ-संध्याकाळ माणसं पाण्याने भरलेले पेले घेऊन दारात उभी. "काका, आमचं किती कललंय तेवढं बघा ना."

संक्रांतीला चार दिवस उरले. लाल काच कपाटात साड्यांच्या घडीत तशीच झोपलेली.

"तुमची इमारत व्हायची तेव्हा होईल सरळ," शुभदाताई हळूच म्हणाल्या. "माझ्या सूर्याचं काय?"

"अगं, पण इमारतीत समपातळीत जागाच नाही! कापू कुठे? मोडली तर?"

शुभदाताई पाइपांकडे बघत तांदूळ निवडत बसल्या. हरिहररावांना ते बोलण्याहून जास्त लागलं.

दुसऱ्या दिवशी आवडाबाई आल्या. काचा जोडायच्या शिशाच्या पट्ट्या त्यांनी कबूल केल्या होत्या, त्या द्यायला. बघतात तर जिन्याखाली ही गर्दी, मधोमध हरिहरराव गुडघे टेकून बसलेले, आणि सगळ्यांचे डोळे बुडबुड्याला लागलेले.

"कोन गेलं?" आवडाबाईंनी दबक्या आवाजात विचारलं.

"कुणी नाही हो," हरिहररावांनी सगळी हकिगत सांगितली. "आता समपातळीत जागा मिळेपर्यंत लाल काच कापता येत नाही."

आवडाबाईंनी पिशवी खाली ठेवली आणि कमरेवर हात ठेवला. "लेवल कशाला पायजे? काच काय पानी हाय, वाहून जायाला? सपाट पायजे, सपाट! तिरकी असली तरी चालंल. आमचा धनी जलमभर होडीन बसून जाली विनतो, होडी कदी लेवलला असते काय?"

पस्तीस वर्षं रेघा ओढलेल्या माणसाला सपाट आणि समपातळी यांतला फरक एका कोळणीने जिन्याखाली उभ्या उभ्या शिकवला. हरिहररावांचे कान लाल झाले. पण गडी प्रामाणिक. त्यांनी हात जोडले. "बाई, चुकलो. आता सपाट जागा कुठली, तेवढं तुम्हीच सांगा."

आवडाबाईंनी इकडेतिकडे नजर टाकली आणि त्या भिंतीवरच्या नोटीस-फलकापाशी गेल्या. त्यावर तळवा ठेवून ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवला. जाड लाकडी फळी, वर घट्ट ताणून बसवलेलं हिरवं लोकरी कापड. "ह्यो बगा. खाली टणक, वर मऊ. काचंला असाच बिछाना लागतो."

"अशक्य!" अण्णा रिसबूड आडवे आले. "त्यावर सभेची नोटीस आहे. उपविधीप्रमाणे ती चौदा दिवस फलकावर राहायलाच हवी. आज सहावा दिवस."

तेव्हा गर्दीत मागे उभ्या असलेल्या शुभदाताई पुढे आल्या. "अण्णा, इमारत नऊ वर्षं कलती आहे. आणखी एक तास कलेल."

अण्णांनी उपविधी आठवून बघितले, शुभदाताईंचा चेहरा बघितला, आणि टाचण्या काढायला लागले. नोटीस त्यांनी छातीशी धरून ठेवली, म्हणजे ती सभासदांना दिसत राहील.

फलक जमिनीवर आडवा झाला. वर लाल काच. हरिहररावांनी डब्याच्या झाकणाभोवती गोल आखला, काच कापायचा हिरा घासलेटात बुडवला आणि तिथेच थांबले.

"थरथरता कशाला? मासा हाय काय, चावाया?" आवडाबाई शेजारी उकिडव्या बसल्या. "दाबू नका. आवाज आयका. कापड फाडल्यावानी आला पायजे, येकसारका."

हिरा चालायला लागला. सर्रर्र... पन्नास माणसं जिन्यावर माना ताणून उभी. तान्हं पोरही टक लावून बघत होतं. गोल जिथून सुरू झाला तिथेच येऊन मिटला. मग गोलापासून काठापर्यंत चार रेघा, खालून हळूच टिचक्या, आणि टच्च! एक तुकडा सुटला. टच्च! दुसरा. तिसऱ्याला शुभदाताईंनी डोळे मिटून घेतले. चौथा सुटला आणि हरिहररावांच्या हातात अख्खा, गुळगुळीत, लालभडक सूर्य!

कुणी टाळी वाजवली नाही. वाजवावीशी वाटलीच नाही. अण्णा रिसबूड एवढंच म्हणाले, "इतिवृत्तात नोंद करायला हवी."

संक्रांतीच्या दुपारी खिडकी बसली. पाच वाजता वीस बायका स्वयंपाकघरात दाटीवाटीने उभ्या, नेहमीसारखा कलकलाट. आणि फटीतून ऊन आलं. जमिनीवर आधी निळी खाडी पसरली, मग तिच्यातून तो लाल गोळा उगवला. होय, उगवलाच! बाहेर सूर्य जसजसा उतरत होता तसतसा आतला चढत होता, पाटावरून तबकावर, तबकावरून शुभदाताईंच्या हातांवर. मीराबाईंनी नकळत हात जोडले.

शुभदाताईंचे डोळे भरून वाहत होते. तशाच उभ्या राहून त्यांनी हळदीकुंकू लावायला घेतलं. प्रत्येकीचा हट्ट एकच, "मला त्या उजेडात उभी करून लाव गं!" एकेक जण लाल होऊन येत होती, कपाळ पुढे करत होती, वाण घेऊन बाहेर जात होती. हरिहरराव दारात उभे राहून बघत होते. आयुष्यात आता काही मिळवायचं राहिलं नाही, असं त्यांना वाटलं.

तेवढ्यात बाहेरच्या खोलीतून किंचाळी आली. "मीराबाई, तुमच्या कपाळाला नुसती हळद!"

"आणि तुझं बघ आधी, दोन्ही कुंकूच!"

आता काय झालं होतं, की त्या लाल उजेडात हळदही लाल आणि कुंकूही लाल. शुभदाताईंनी कुणाला दोनदा हळद लावली होती, कुणाला दोनदा कुंकू. वीस सवाष्णी आरशासमोर धक्काबुक्की करत होत्या, हसून हसून कुणाला उभं राहवत नव्हतं. शुभदाताईंनी जीभ चावली.

हरिहररावांचा चेहरा पडला. ते स्क्रूड्रायव्हर घेऊन आत आले. "चुकलंच माझं. एवढा विचार करायला हवा होता. लाल काढतो, तिथे पिवळी बसवू."

"खबरदार हात लावाल तर!" शुभदाताई खिडकीसमोर आडव्या उभ्या राहिल्या, नखशिखांत लाल. "हळदीकुंकू काय, पुन्हा लावता येईल. ऊन दहा मिनिटांत जाईल. बोलवा त्या सगळ्यांना आत!"

पण बोलवायला लागलंच नाही. वीस जणी चुकलेली कपाळं घेऊन आधीच दारात येऊन उभ्या होत्या.