मानाचा पराभव

यंदाच्या मुलींच्या आंतरमहाविद्यालयीन फुटबॉल स्पर्धेचा राष्ट्रीय विजेता ठरवण्यासाठी निवड समिती नेमण्यात आली. कारण अंतिम सामना घेतला तर निकाल मैदानावर लागण्याचा धोका होता. स्पर्धा राष्ट्रीय होती, म्हणजे कोल्हापूर, कबनूर, शाहूवाडी आणि आमचं गडमुडशिंगी असे संघ होते. उरलेल्या राष्ट्राला कळवलं होतं, त्याचा प्रतिसाद आला नाही.

आम्ही अकरावीच्या पोरी. वाट्याला आलेले सगळे सामने जिंकलो. मी गोलकीपर, त्यामुळे मला फारसं काम नसायचं आणि सगळं निवांत बघता यायचं. आमची कॅप्टन अनुजा मात्र निवांत नव्हती. तिच्या वडिलांनी, हंबीररावकाकांनी, गोठ्यात उभं राहून जाहीर केलं होतं की चॅम्पियन झालीस तर बारावीतही खेळ, न्हायतर बूट माळ्यावर आणि संध्याकाळच्या धारा तुझ्याकडं. काका स्वतः पेठेच्या फुटबॉल मॅचला घसा बसेपर्यंत ओरडतात. पण तो खेळ. पोरींचा तो नाद.

समितीनं पहिला क्रमांक कोल्हापूर शहरातल्या मोठ्या कॉलेजला दिला. त्यांची आणि आमची गाठ वेळापत्रकात पडलीच नव्हती. ते कबनूरकडून हरले होते, आणि कबनूरला आम्ही हरवलं होतं. आम्ही तिसरे.

मग आम्ही समितीचे अध्यक्ष उदयसिंह सर यांना भेटायला गेलो. सरांनी एकही सामना बघितला नव्हता. सामना बघितला की मत कलुषित होतं, असं त्यांचं धोरण आहे.

"कामगिरी चांगलीच आहे तुमची," सर म्हणाले. "पण त्यात एकही मानाचा पराभव नाही."

मानाचा गणपती माहीत होता, मानाची गदा माहीत होती. हे नवीन होतं. सरांनी प्रेमानं समजावलं की मोठा संघ लहान गावात जाऊन हरतो, त्यात त्याच्या मनाचा मोठेपणा दिसतो. जो कधी हरतच नाही, तो कुणाकडून हरण्याच्या लायकीचा आहे हे समितीनं ठरवायचं कसं?

"सर, पण कबनूरला आम्ही हरवलं की," अनुजा म्हणाली.

"तेच तर. जे तुमच्याकडूनही हरतात, त्यांना हरवण्यात कसला आलाय मान?"

यावर उपाय एकच होता. शहरातल्या कॉलेजशी खास सामना ठरला, आणि आमचे प्रशिक्षक आकाराम सर आमच्याकडून हरण्याचा सराव करून घेऊ लागले. बॉल गेल्यावर झेप कशी घ्यायची, हे मी मन लावून शिकले. सर म्हणाले, प्रगती आहे.

पण शहरातल्या पोरीही अडाणी नव्हत्या. एका मानाच्या पराभवावर पहिला नंबर, तर दोनांवर काय होईल, हा हिशेब त्यांनीही केला होता. त्यांची कॅप्टन अदिती बॉल घेऊन थेट माझ्यासमोर आली आणि थांबली. मी हळूच म्हटलं, "मी उजवीकडं पडणाराय. तू डावीकडं मार."

"मारू नको म्हटलंय आम्हाला," ती म्हणाली आणि बॉल परत मागं दिला.

पुढचा सगळा सामना अशाच सौजन्यात गेला. बॉल कुणी घेईना. शेवटी अदितीनंच तो आणून अनुजाच्या पायाशी ठेवला. समोर गोल, आणि त्यांची गोलकीपर बुटाची नाडी बांधत बसलेली. अनुजा पाठमोरी वळणार, एवढ्यात प्रेक्षकांतून एक बसलेला घसा गरजला, "हाण!"

आवाज हंबीररावकाकांचा होता. गोल झाला.

अनुजा पळत माझ्याकडं आली. "मी न्हाय मारला गं. पाय गेला."

समितीचा निकाल एकमतानं लागला. शहरातलं कॉलेज एका अपराजित संघाकडून हरलं होतं, म्हणजे त्यांच्या नावावर दुसरा, आणि पहिल्यापेक्षाही मानाचा पराभव. राष्ट्रीय विजेते तेच. आम्ही दोनदा हरलेल्या संघाला हरवलं होतं. अशा दुबळ्या विजयानं आम्ही चौथ्या क्रमांकावर घसरलो.

काकांनी गोठ्यात चौकशी केली.

"हराय काय झालतं तुला?"

"तुम्हीच हाण म्हटलासा की."

"मी सवयीनं वरडलो. तू इचार करायचास." मग ते म्हणाले, "एवढी शिकलेली माणसं बसल्यात समितीत. ती उगंच म्हणतील व्हय?"

अनुजानं धारांची चरवी उचलली. बूट माळ्यावर गेले.

आता एवढं वाचून तुम्ही समितीवर चिडला असाल. चिडा. फक्त एक सांगते. आमच्या कॉलेजचं नाव मी अजून सांगितलेलं नाही, आणि तुमचं काही अडलं नाही. शहरातल्या त्या मोठ्या कॉलेजचंही सांगितलेलं नाही, पण ते नेमकं कुठलं, हे मात्र तुम्ही मनात कधीच ठरवून टाकलंय.

समितीत एक जागा रिकामी आहे. सामना बघण्याची अट नाही.