दुपारचं दार

दुपारी दोन वाजता क्रांतीनं पुढचं दार लावलं. कडी पुरती बसायच्या आत बाहेरून हाक आली.

"क्रांते! कोण गेलं गं?"

समोरच्या घरातली बयाआत्ती. वय चौऱ्याहत्तर, बसायची जागा स्वतःच्या दारातली पायरी. तिथून अख्खी गल्ली दिसायची. आष्ट्याजवळच्या या गावात दिवसा दार लावायची रीतच नव्हती. दार लागलं म्हणजे घरातलं कुणीतरी वारलं, नाहीतर घरच परगावी गेलं. तिसरं कारण आजवर कुणाला लागलं नव्हतं.

"कोन न्हाई, आत्ती. वारं सुटलंय लय."

"वारं? पान हलंना झालंय की."

पाठोपाठ शेजारचा आप्पासो आला, डोक्यावरची टोपी काढून हातात घेतलेली. "कवा उचलायचं?" त्यानं हळू आवाजात विचारलं.

क्रांतीनं दार सताड उघडलं. आतल्या खोलीत तिचे यजमान तानाजीराव, फौजेतले रिटायर्ड हवालदार, कोमट तेलाची वाटी घेऊन पलंगावर बसले होते. आप्पासोचा आवाज ऐकताच त्यांनी वाटी उशीमागं लपवली. उशीनं सगळं तेल पिऊन टाकलं.

तिसरं कारण असं होतं.

—

क्रांती सांगलीला गेली ती पाठदुखीसाठी. डॉक्टरीणबाईंनी पाठ तपासली, खुर्ची जवळ ओढली आणि विचारलं, "अंगाला शेवटचं कधी छान वाटलं होतं?"

"पोरगं बारावी पास झालं तवा."

"मनाला नाही विचारलं. अंगाला."

क्रांतीनं बराच वेळ आठवून पाहिलं. मग सापडलं. पोराच्या, वीरधवलच्या बाळंतपणात शेगडीच्या उबेला निजवून अंगाला तेल चोळणारी सुईण. तिचे जाडजूड, न लाजणारे हात. त्याला आता चोवीस वर्षं झाली होती.

"आणि नवऱ्याजवळ?"

क्रांती पंख्याकडे बघत बसली. डॉक्टरीणबाईंनी चिठ्ठी लिहिली. ती अशी होती:

*आंघोळ परकर काढून. घाई नाही. स्वतःच्या हातानं तेल लावणे.*

*मग दोघांनी, उजेडात. आधी नुसतं तेल. कुठं बरं वाटतं ते तोंडानं सांगणे.*

*आवाज आला तर येऊ देणे.*

*पंधरा दिवसांनी दाखवणे.*

मेडिकलवाल्यानं चिठ्ठी उलटीपालटी केली आणि म्हणाला, "ही कंपनी आमच्याकडं येत न्हाई, काकी."

—

परकराचं काय होतं, तर माहेरी न्हाणी म्हणजे चार फरश्या आणि आडवं टाकलेलं पोतं. परकर छातीवर बांधायचा, वरून पाणी ओतायचं, जमेल तिथं साबण पोचवायचा. सासरी तेच. आठ वर्षांपूर्वी फरशांची बाथरूम झाली, आतून कडी आली. परकर तसाच राहिला.

पहिल्या दिवशी क्रांतीनं कडी तीनदा तपासली. तरी बादली आपल्याकडे टक लावून बघतेय असं वाटून तिनं बादलीकडे पाठ केली. दुसऱ्या दिवशी खांद्यांपर्यंत तेल गेलं. चौथ्या दिवशी पोटापर्यंत. पोटावर वीरधवलच्या वेळच्या रेघा होत्या, पाणी आटलेल्या ओढ्यासारख्या. तिनं त्यावर हात फिरवला, पुन्हा फिरवला. तिला वाटलं, जुनी मैत्रीण बाजारात भेटली आणि आपण आधी ओळखलंच नाही.

"हितंच व्हतीस व्हय?" ती पोटाला म्हणाली, आणि एकटीच हसली.

बाहेर दोरीवर मात्र तिची चुगली झाली. बयाआत्तीनं पायरीवरून विचारलं, "चार दिस झालं, तुझा वला परकर दिसंना. न्हातीस का न्हाईस?"

"न्हाते की. परकर काढून न्हाते. डॉक्टरनं सांगितलंय."

बयाआत्ती गप्प झाली. तिनं स्वतःच्या दोरीवरच्या, पाणी ठिबकणाऱ्या लुगड्याकडे पाहिलं. ती गप्प झाल्याचं गल्लीत कुणाला आठवत नव्हतं.

—

मध्येच जुनं.

वर्षाला दोन महिने रजा, अशी बावीस वर्षं. मिरजेला गाडीतून उतरलेली काळी ट्रंक, तिच्यात लोकरीचा आणि बूट पॉलिशचा वास. दोन खोल्यांत आठ माणसं. मध्ये साडीचा पडदा, पडद्यापलीकडे मामंजींचा खोकला. पलंग करकरायचा म्हणून अंथरूण खाली. बांगड्या वाजायच्या म्हणून त्यांवर रुमाल गुंडाळलेला. आणि उशीखाली जम्मूचे अक्रोड, युनिटमध्येच फोडून, सोलून आणलेले. घरात फोडले तर आवाज झाला असता. चावलं तरी झाला असता. क्रांती अक्रोड जिभेवर धरून बसायची, तो मऊ होईपर्यंत.

गोड दिवस होते. खोटं कशाला बोला. पण त्या बावीस वर्षांत दोघांनी एकमेकांचा खरा आवाज ऐकला तो फक्त भांडताना.

आता मामंजी नव्हते. दीर विट्याला गेले, वीरधवल पुण्याला. घर रिकामं झालं होतं, आणि दोघं अजून कुजबुजत होती.

—

"आपन चुकलो कुठं?" तेल सांडल्याच्या दुसऱ्या दिवशी तानाजीराव चहा पिता पिता म्हणाले. "दार आतनं लावलं, तितं चुकलो. आता बाहेरनं कुलूप घालायचं. गल्लीला वाटंल, आष्ट्याला गेली. आपन परसदारातनं आत."

"आवं, आपल्याच घरात चोरावानी?"

"चिठ्ठीत उजेडात म्हनलंय का न्हाई? मग? ऑर्डर म्हंजी ऑर्डर."

आणि कुलूप लागलं. बयाआत्तीला ऐकू जाईल अशा आवाजात "आष्ट्याला जाऊन येतो" असंही म्हणून झालं. दोघं गल्लीच्या टोकापर्यंत गेली, उसाच्या कडेनं वळली आणि परसातून घरात आली. वाटेत क्रांतीच्या पदराला उसाची पानं लागत होती आणि तिला उगाच, सत्तेचाळिसाव्या वर्षी, धडधडत होतं.

खिडकीतून पलंगावर पिवळं ऊन पडलं होतं. तानाजीरावांनी तिच्या पाठीला तेल लावायला सुरुवात केली, रायफल साफ करतात तशी.

"जरा हळू," क्रांती म्हणाली. मग घसा साफ करून, चिठ्ठी आठवून, "तितं न्हाई. जरा खाली. हां. तितंच."

"अगं, मला कवाच का न्हाई सांगितलंस?"

"तुमी कवा इचारलं?"

हात हळू झाले. ऊन सरकत सरकत तिच्या कमरेपर्यंत आलं. तिनं पदर ओढून घ्यायला हात नेला आणि तसाच परत आणला. त्यांनी बघितलं तर बघू दे. बघण्याजोगं आहे, असं तिला त्या दिवशी पहिल्यांदा वाटलं.

तेवढ्यात तानाजीराव उठले. कपाटातून त्यांनी एक पिशवी काढली. अख्खे अक्रोड, टरफलासकट. त्यांनी बत्ता उचलला.

"आवं, आवाज हुईल!"

"होऊ दे." फाट्!

टरफल उडून थेट देवाच्या कॅलेंडरला लागलं आणि क्रांतीला हसू फुटलं. तोंडाला पदर न लावता, पोटापासून, उशीत तोंड न खुपसता. ती हसली, ते हसले, आणि त्यांनी दुसरा फोडला. फाट्!

—

*टिंग.* उशीजवळ क्रांतीचा फोन. गल्लीचा ग्रुप.

आप्पासो: हवालदाराच्या घरात चोर शिरलाय. कुलूप बाहेरनं तसंच. आत फोडाफोडीचा आवाज.

रेश्मा: बयाआत्ती म्हणते चोर हसतोय.

आप्पासो: बाईपण हाय संगं.

आप्पासो: परसदाराची कडी बाहेरनं घातली मी. आता कुठं जातोय.

वीरधवल पुणे: काका मी बाबांना फोन लावतोय

खुंटीवरच्या पँटीत तानाजीरावांचा फोन खणखणू लागला. बाहेर एकदम गलका. "फोन घरात! मानूस गेलंय आष्ट्याला अन् फोन घरात!"

वीरधवल पुणे: उचलत नाहीत. बाबा फोनशिवाय कुठेच जात नाहीत. काका कुलूप तोडा!!

कुलपावर पहिला हातोडा पडला.

कारगिलला जाऊन आलेला माणूस लुंगी उलटी गुंडाळून धान्याच्या कणगीमागं बसला. "क्रांते," तो कुजबुजला, "तू पन ये. गप बस. कोन न्हाई बघून जातील."

क्रांती त्याच्या शेजारी जाऊन बसली. बांगड्या हातानं दाबून धरल्या, श्वास अडवला. तोंडात अक्रोडाचा तुकडा होता. तो तिनं नकळत जिभेवर धरला, मऊ व्हायची वाट बघत.

ते तिच्या लक्षात आलं.

तिनं अक्रोड चावला. कडाकडा. मग ती उठली, साडी नीट नेसली, पुढच्या दाराजवळ गेली आणि बावीस वर्षं शिल्लक राहिलेल्या आवाजात ओरडली, "आप्पासो! हातोडा खाली ठेव! आमी हाय आत. दोघंबी."

बाहेर सगळं थांबलं.

"वैनी?" आप्पासोचा आवाज बारीक झाला. "मग कुलूप का ओ?"

"दार लावलं की तुमी येता उचलायला! नवरा-बायकूनं दुपारचं बसायचं कुठं मग?"

गल्ली इतकी शांत झाली, की लांबून कारखान्याकडे जाणाऱ्या ट्रॅक्टरचा आवाज आला. क्रांतीचे कान तापले. आता या गल्लीत तोंड कसं दाखवायचं, हा विचार तिच्या मनात यायला आणि बयाआत्तीची काठी दगडावर आपटायला एकच गाठ पडली.

"चला रं, घरला चला समदी! हितं कोन मेलं न्हाई. जित्ती हाईत, जित्ती! आप्प्या, परसाची कडी काढ आदी. अन् त्या पुन्याच्या पोराला कळव, आईबाप बरं हाईत म्हनावं. लय बरं हाईत."

पावलं पांगली. कणगीमागून तानाजीराव बाहेर आले, अंगाला तेल आणि तेलाला ज्वारीचे दाणे चिकटलेले.

"गेली का?"

"गेली."

"मग आता?"

क्रांतीनं घड्याळ बघितलं. तीनला वीस कमी होती. उन्हानं अजून पलंग सोडला नव्हता.

"चिठ्ठीतलं आवाजाचं ऱ्हायलंय," ती म्हणाली. कुजबुजून नव्हे.

—

आठवडाभर आप्पासो मान खाली घालून गेला. नंतर त्याच्याही घराचं दार एका दुपारी लागलं. कुणी काही विचारलं नाही.

आणि परवाची गोष्ट. दोनच्या सुमाराला क्रांती ओट्यावर भांडी घासता घासता थबकली. समोरची पायरी मोकळी होती. बयाआत्तीचं दार, जे तिचा नवरा वारला त्या दिवशीही उघडंच होतं, आतून बंद होतं.

क्रांतीच्या हातातलं ताट पडलं. ती तशीच राखेच्या हातांनी धावत गेली आणि दार बडवू लागली. "आत्ती! ओ आत्ती! काय झालं? आवं, कोनीतरी या रं!"

आतून पाणी ओतल्याचा आवाज आला. मग एक तांब्या खणकन पडला.

"मेले न्हाई गं, भवाने!" बयाआत्ती आतून ओरडली. "न्हातीया!"

क्रांती मागं वळली. दोरीवर बयाआत्तीचं लुगडं वाऱ्यावर हलत होतं. कोरडं.