हौदातला कॅमेरा

नळाला पाणी आलं की आमच्या गल्लीत सगळे मोटार लावायला धावतात. नरसय्याअण्णा मात्र आधी घरात जातात, थोड्या वेळानं दोरीला बांधलेला कॅमेरा घेऊन बाहेर येतात आणि तो हौदात सोडतात.

कॅमेरा काडेपेटीहून जरा मोठा, पाण्यात बुडवला तरी चालणारा. हैदराबादच्या मुलीनं पाठवला, वडिलांनी तलावाकाठी फिरायला जावं म्हणून. अण्णा एकदाही गेले नाहीत. "तलावाला काय धाड भरलीय? पाणी कमी पडतंय ते हौदात." चार-पाच दिवसांनी येणारं पाणी हौदात किती चढतं याचं चित्रण करायचं आणि तक्रार नोंदवायची, असा त्यांचा बेत. "तोंडी सांगून कोण ऐकतंय? पुरावा पाहिजे की."

एका घराचा पुरावा कमी पडेल म्हणून ते शेजाऱ्यांच्या हौदांतही कॅमेरा सोडू लागले. अण्णांनी जन्मभर माग चालवला. तुटलेल्या धाग्याला मारायची तीच गाठ ते कॅमेऱ्याच्या दोरीला मारत. गाठ कधी सुटली नाही, पण भिंग दर वेळी आभाळाकडे होई. मग पाण्याऐवजी दिसे हौदाचं चौकोनी तोंड आणि त्यातून डोकावणारी माणसं. साऱ्या गल्लीच्या नाकपुड्या अण्णांकडे जमा झाल्या.

"अण्णा, गाठ बदलून बघा," मी एकदा सुचवलं.

"मास्तर, गाठीला बोलायचं न्हाय."

माझी बायको सुमन त्यांच्या बाजूची. पाणी आल्याचं गल्लीत तिलाच आधी कळे. ती दारातून हाक मारी, "अण्णा, पाणी आलं हो." अण्णा दोरी घेऊन हजर. मग ती आमच्या हौदावर वाकून विचारी, "मासे घावले का?"

"तुमचंच तोंड घावतंय, वैनी. जरा बाजूला व्हा की, पुरावा झाकतोय."

गेल्या वर्षी सुमन गेली.

वर्षश्राद्धाला तिचा फोटो मोठा करून घ्यायचा होता. घरातल्या एकाही फोटोत ती हसत नव्हती. फोटो काढायचा म्हटलं की ती ओठ मिटून ताठ उभी राहायची. आधार कार्डावर तर माझ्यावरच रागावलेली दिसते. नवी पेठेतल्या फोटोवाल्यापुढे मी होते नव्हते ते सगळे फोटो पसरले आणि पुन्हा पिशवीत भरून परत आलो. भिंतीवर एक अनोळखी बाई लावायला मन तयार होईना.

हे अण्णांना सांगितलं. त्यांनी मला घरात नेलं आणि टीव्हीला कॅमेरा जोडला.

आधी नुसता अंधार. कॅमेरा अण्णांच्या मुठीत होता. त्या अंधारात सुमनची हाक आली, "अण्णा, पाणी आलं हो, या लवकर." मग हिरवट पाणी. वर उजेडाचा चौकोन. त्यात सुमन वाकलेली, एका हातानं पदर सावरत, तोंडभर हसत. पाणी हलेल तसा चेहरा हलत होता. पण ती सुमन होती.

"ह्यातला फोटो काढून घ्या," अण्णा म्हणाले. "मूळ तेवढं माझ्याकडं ऱ्हाऊ द्या."

"पुराव्याला?"

अण्णा दोरीची गाठ चाचपत राहिले.

"पाणी आलं की आधी हेच लावतो, मास्तर. हाक ऐकल्याबिगर मोटारीकडं हात जात न्हाय."